खचदरीतल्या तळ्यांचा जमाखर्च

लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या रूममध्ये पाणी तापवायचा एक रॉड आहे. (रेक्टर मॅडम हे वाचत असतील तर तो नाही, असं समजावं.) घेतला तेव्हा चकचकीत होता. सहा महिन्यांत त्याच्यावर पांढरा, खडबडीत थर चढला, नखाने खरवडला तरी निघेना. रूममेटने शेवटी त्यावर लिंबू चोळलं, तर तो फसफसला. "अगं, हे काय आहे?" तिने विचारलं. "कॅल्शियम कार्बोनेट," मी फर्स्ट इयरच्या जर्नलमधलं उत्तर दिलं आणि झोपले. त्या पांढऱ्या थरात माझ्या सेमिनारचं अर्धं उत्तर होतं हे तेव्हा कळलं असतं, तर पुढची फजिती टळली असती.

टी.ई.च्या सेमिनारला मी विषय घेतला होता 'पूर्व आफ्रिकेतल्या सोडा लेक्स'. खरं कारण सांगते. आम्हाला सोडा अ‍ॅशची सॉल्वे प्रोसेस आहे, त्यात मिठापासून आणि चुनखडीपासून एवढा खटाटोप करून जो सोडा बनवतात तो केनियामध्ये मगादी नावाच्या तळ्यातून चक्क खणून काढतात, हे वाचून मजा वाटली. शिवाय मगादीची कंपनी 2005 मध्ये टाटा केमिकल्सकडे आली, म्हणजे 'इंडियन कनेक्शन'ची एक स्लाइड तयारच! पंधरा स्लाइड्स केल्या. त्यातल्या सहा फ्लेमिंगोंच्या होत्या.

परीक्षक सरांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "नैवाशा तळ्यातून बाहेर जाणारी नदी नाही. मगादीतूनही नाही. दोन्ही त्याच दरीत. मग नैवाशाचं पाणी गोडं आणि मगादीचं खारं, असं का?"

मी म्हटलं, "सर, मगादीला ऊन जास्त आहे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत, ते जास्त वाईट. मग त्यांनी माझ्या शेवटच्या स्लाइडकडे बोट दाखवलं. तिथे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की 2010 नंतर या तळ्यांचं पाणी वाढतंय, ही आनंदाची बातमी आहे. "आनंदाची कुणासाठी?" त्यांनी विचारलं. मी जालन्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागरी घेऊन धावायची सवय, तलाव भरला की लोक नारळ घेऊन जातात. पाणी वाढणं ही वाईट बातमी असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मार्क पडायचे तेवढे पडले, पण ते दोन्ही प्रश्न मला खुपत राहिले. हा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांची उशिरा दिलेली उत्तरं. (मी कॉन्व्हेंटची. 'क्षार' हा शब्द मी पहिल्या ड्राफ्टमध्ये 'शार' असा लिहिला होता. संपादकांनी वाचवलं. तरी कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.)

आधी जागा बघू. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात 'खचदरी' असा सुंदर शब्द आहे, इंग्रजीतल्या रिफ्ट व्हॅलीपेक्षा मला तो जास्त आवडतो. जमीन दोन्ही बाजूंना ताणली जाते आणि मधला पट्टा खाली खचतो. पूर्व आफ्रिकेत ही खच इथिओपियापासून केनिया, टांझानियामार्गे थेट मोझांबिकपर्यंत गेली आहे. जॉन वॉल्टर ग्रेगरी नावाचा ब्रिटिश भूशास्त्रज्ञ 1893 मध्ये तिथे पायी फिरला, म्हणून केनियातल्या भागाला ग्रेगरी रिफ्ट म्हणतात. दरीच्या दोन्ही कडा उंच, त्यांच्यावर पाऊस पडतो; तळ कोरडा, तिथे ऊन तापतं. कडांवरून आलेलं पाणी खाली उतरतं आणि अडकतं, कारण ज्वालामुखींनी आणि भ्रंशांनी तळाचे कप्पे कप्पे पाडले आहेत. प्रत्येक कप्प्यात एक तळं. समुद्राकडे जायला वाट नाही.

पण हा तळ सपाट नाही, हे मी सेमिनारमध्ये विसरले होते. मध्ये तो फुगलेला आहे आणि दोन्हीकडे उतरत जातो. नैवाशा जवळजवळ माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,890 मीटर. नकुरू त्याच्या वायव्येला, सुमारे 1,760 मीटर. उत्तरेला आणखी खाली बोगोरिया आणि बारिंगो, दोन्ही हजार मीटरच्या आसपास. दक्षिणेला मगादी आणि सीमेपलीकडे टांझानियात नेट्रॉन, दोन्ही सुमारे 600 मीटरवर. हे उतार लक्षात ठेवा.

आता आपलं हत्यार काढू. एस.ई.ला घोकलेला मटेरियल बॅलन्स! समजा एक टाकी आहे. रोज 100 लिटर पाणी येतं, प्रत्येक लिटरमध्ये 0.2 ग्रॅम क्षार. म्हणजे रोज 20 ग्रॅम क्षार जमा. 80 लिटर पाणी उन्हाने उडून जातं आणि 20 लिटर तळातून झिरपतं. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते जाणार फक्त झिरपणाऱ्या 20 लिटरमधून. जमा आणि खर्च सारखे व्हायचे तर त्या 20 लिटरमध्ये 20 ग्रॅम क्षार हवेत, म्हणजे लिटरला 1 ग्रॅम. येणाऱ्या पाण्याच्या पाचपट, आणि तिथेच स्थिर. आता झिरपणं 20 वरून 5 लिटर करा. उत्तर येतं लिटरला 4 ग्रॅम. आणि झिरपणं शून्य केलं तर? तर समीकरणाला उत्तरच नाही. क्षार वाढत राहतात, वर्षानुवर्षं, शेवटी ते स्वतःच घट्ट होऊन तळाशी बसेपर्यंत.

ऊन कुठेच महत्त्वाचं नाही असं नाही. पण नैवाशालाही ऊन काही कमी नाही, तिथेही वर्षाला जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पाणी उडून जातं. फरक आहे तो गळतीचा. नैवाशा माथ्यावर बसलेलं, खाली ज्वालामुखीची सच्छिद्र राख आणि भेगाळलेला खडक. त्याचं पाणी जमिनीखालून दक्षिणेकडेही झिरपतं आणि उत्तरेकडेही. दक्षिणेला ओल्कारिया नावाचं मोठं भूऔष्णिक वीज केंद्र आहे, तिथल्या विहिरींच्या पाण्यात आयसोटोप्स तपासून नैवाशाच्या पाण्याचा अंश सापडला आहे. थोडे क्षार चिखल आणि काठचं पापायरस गवतही धरून ठेवतं, पण मोठा खर्च गळतीचा. बारिंगोचंही तसंच, नदी बाहेर पडत नाही, तरी पाणी गोडं, कारण ते उत्तरेला जमिनीखालून निसटतं. मगादी मात्र खड्ड्याच्या तळाशी. त्याच्याखाली उतारच उरलेला नाही. उलट वरून झिरपलेलं पाणी वाटेत तापून, खडकातून क्षार घेऊन, गरम झऱ्यांतून मगादीच्या काठाशी बाहेर येतं. नैवाशाचा खर्च हा कुणाच्या तरी खात्यावर जमा होतो, आणि शेवटचं खातं मगादीचं!

सरांच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच होतं. ऊन नव्हे, निचरा.

पण यातून नुसतं 'खारं' कळतं, 'कसं खारं' ते कळत नाही. समुद्रही खारा आहे, पण त्याचा पीएच 8.1 च्या आसपास आणि त्यात मुख्यतः साधं मीठ. या तळ्यांचा पीएच 10 च्या घरात आणि त्यात धुण्याचा सोडा. इथे आमच्या रॉडवरचा पांढरा थर उपयोगी पडतो.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडकाला कुरतडतं. खडकातून सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका सुटतात आणि पाण्यात बायकार्बोनेट तयार होतं. आता हे पाणी बासुंदीसारखं आटवायला घ्या. सगळ्यात आधी कोण बाहेर पडणार? कॅल्शियम कार्बोनेट, कारण ते सगळ्यात कमी विरघळतं. रॉडवर नेमकं तेच होतं, फक्त तिथे उष्णतेने कार्बन डायऑक्साइड पळवून लावल्यामुळे लवकर होतं.

गंमत पुढे आहे. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जोडीजोडीने बाहेर पडतात, समान इक्विव्हॅलंटमध्ये. समजा एका पाण्यात कॅल्शियम 1 आणि बायकार्बोनेट 3 आहे. दहापट आटवलं की व्हायला हवेत 10 आणि 30. पण दोघांचेही दहा-दहा चुन्यासारखे तळाशी गेले. उरलं काय? कॅल्शियम जवळजवळ शून्य, बायकार्बोनेट 20, सोबतीला सोडियम. आता उलटं घ्या. कॅल्शियम 3, बायकार्बोनेट 1. दहापट आटवल्यावर बायकार्बोनेट संपलं आणि कॅल्शियम 20 उरलं, सोबतीला क्लोराइड. सुरुवातीला दोन्ही पाणी पिऊन पाहिलं तर चवीत फरक कळणार नाही. पण आटल्यावर एक सोड्याचं तळं झालं आणि दुसरं कॅल्शियम क्लोराइडचं. परत फिरायला वाट नाही. लॉरेन्स हार्डी आणि हान्स युगस्टर या दोघांनी 1970 मध्ये हे नीट मांडलं आणि त्याला 'केमिकल डिव्हाइड' म्हटलं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पाणलोटरेषेसारखी रेषा, थेंब इकडे पडला तर एका नदीत, तिकडे पडला तर दुसऱ्या.

पूर्व आफ्रिकेतल्या दरीचे खडक सोडियमने श्रीमंत आणि कॅल्शियमने गरीब, म्हणून थेंब सोड्याच्या बाजूला पडतो. त्यात भर म्हणून नेट्रॉनच्या दक्षिणेला ओल डोइन्यो लेंगाई नावाचा ज्वालामुखी आहे. त्याचा लाव्हा सिलिकेटचा नसून चक्क सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचा असतो! जगातला असा हा एकमेव सक्रिय ज्वालामुखी. लाव्हा साधारण 500-600 अंशांना वाहतो, काळा दिसतो आणि हवेतलं पाणी शोषून काही काळात पांढरा पडतो. दुसऱ्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर जॉर्डन खचदरीतला मृत समुद्र. त्याची मूळ शिदोरी वेगळी, जुन्या समुद्राचं अडकलेलं पाणी. पण निकाल दुसऱ्या वाटेचा. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइड्स, लिटरला तीनशे ग्रॅमच्या वर क्षार, आणि पीएच 6 च्या आसपास. अत्यंत खारट, पण सोडा नावालाही नाही.

मगादीत सोडा इतका साठला आहे की त्याचा कठीण थर झालाय, काही ठिकाणी 40 मीटरपर्यंत जाड. खनिजाचं नाव ट्रोना, सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचं एकत्र स्फटिक. तो काढायचा, भट्टीत तापवायचा, की झाली सोडा अ‍ॅश, काचेला आणि साबणाच्या पावडरीला लागते ती. स्वाहिली भाषेत 'मगादी' म्हणजे सोडाच. तिकडच्या बायका डाळी-कडधान्यं लवकर शिजावीत म्हणून चिमूटभर मगादी घालतात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपण पापडखार काय वेगळं घालतो?" खरंच की.

आता एक गोष्ट सांगते जी सेमिनारमध्ये अजिबात नव्हती आणि जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॅल्शियम संपलं की फक्त सोडा उरत नाही. फ्लोराइडही उरतं. एरवी फ्लोराइडला धरून बसवणारं कॅल्शियमच असतं, दोघांचं कॅल्शियम फ्लोराइड होऊन तळाशी जातं. इथे धरायला कुणी नाही. त्यात हे ज्वालामुखीचे खडक फ्लोराइडने भरलेले. काही सोडा तळ्यांत लिटरला शेकडो मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. ते पाणी कुणी पीत नाही, पण तेच रसायन आजूबाजूच्या बोअरच्या पाण्यातही चालतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम, आणि नकुरू-नैवाशा पट्ट्यातल्या कित्येक बोअर त्याच्या वर. मुलांचे दात तपकिरी होतात आणि अनेक वर्षं प्यायलं तर हाडं वाकतात. हे पाणी 'सॉफ्ट' असतं, साबणाला छान फेस येतो, भांड्याला थर बसत नाही. म्हणजे आपण ज्याला चांगल्या पाण्याची खूण समजतो, तीच तिथे धोक्याची खूण ठरू शकते. नकुरूच्या कॅथलिक डायोसिसने हाडांच्या कोळशातून पाणी गाळून फ्लोराइड काढायची सोय केली आहे. हाडात कॅल्शियम फॉस्फेट असतं, हरवलेलं कॅल्शियम परत आणून उभं करायचं, एवढीच युक्ती. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत हाच त्रास आहे, हे तिकडून आलेल्या मित्रमैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

पीएचबद्दल थोडं, कारण ओरल्सला उपयोगी आहे. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट समान असतात तो पीएच सुमारे 10.3. म्हणजे ही तळी म्हणजे निसर्गाने बनवलेले भलेमोठे बफर. फर्स्ट इयरच्या अल्कलिनिटीच्या प्रॅक्टिकलला आपण फिनॉल्फ्थॅलीन टाकतो आणि नळाच्या पाण्याला काही होत नाही, म्हणून 'निल' लिहून पुढे जातो. नकुरूचं पाणी घेतलं असतं तर टाकल्या टाकल्या गुलाबी! सिलिकाही या पीएचला भरपूर विरघळते, मगादीत तर त्यातून एक सोडियम सिलिकेट खनिज तयार झालं आहे, त्याचं नाव मगादीआइट.

असल्या पाण्यात कोण राहणार असं वाटेल. पण स्पिरुलिना (मेडिकलच्या दुकानात गोळ्या मिळतात तीच जात) इथे मजेत वाढते, कारण स्पर्धा नाही आणि कार्बन हवा तेवढा. ती खायला लाखो छोटे फ्लेमिंगो येतात, चोच उलटी करून पाणी गाळतात, आणि तिच्यातल्याच रंगाने गुलाबी होतात. हीच जात आपल्याकडे शिवडी आणि ठाणे खाडीतही दिसते, अर्थात ते पक्षी वेगळ्या कळपाचे. मगादीत तर मासासुद्धा आहे, अल्कोलापिया ग्राहामी नावाचा, गरम झऱ्यांजवळ राहतो. मासे सहसा अमोनिया बाहेर टाकतात, पण पीएच 10 च्या पाण्यात अमोनिया अंगाबाहेर जायलाच तयार होत नाही. मग हा मासा काय करतो? युरिया बनवतो, आपल्यासारखा! माझ्या मते सगळ्या सेमिनारमधली ही सगळ्यात भारी स्लाइड होती आणि तिच्यावर कुणी एक प्रश्न विचारला नाही. असो.

आता सरांचा दुसरा प्रश्न. आनंदाची बातमी कुणासाठी?

2010 च्या सुमारास पाणी चढायला लागलं. नकुरू आधी 40 चौरस किलोमीटरच्या आत होतं, 2020 पर्यंत ते 65 च्या पुढे गेलं. याच नकुरूला 1990 च्या दशकात जवळजवळ कोरडं पडलेलं लोकांनी पाहिलं होतं! कारणांवर बरीच चर्चा झाली. काही लोक भूगर्भातल्या हालचालींकडे बोट दाखवतात, जंगलं तोडल्याने माती वाहून तळ्यात आली हेही खरं, पण मुख्य कारण कडांवरचा वाढलेला पाऊस, असाच बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. 2019 मध्ये तर हिंदी महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा फार तापली आणि पूर्व आफ्रिकेत धो धो पाऊस झाला. त्या वर्षी आपलाही पाऊस लांबला होता, आठवत असेल.

मेसच्या आमटीत मीठ जास्त झालं की काकू काय करतात? पाणी घालतात. मीठ तेवढंच, पण चव उतरते. नकुरूचं तेच झालं. क्षार कुठे गेले नाहीत, पण पाणी खूप वाढल्यावर प्रत्येक लिटरमधला वाटा घटला. गंमत म्हणजे पीएच पेपरने हे फारसं कळणार नाही. पीएच ठरतो कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांच्या प्रमाणावर, आणि नुसतं पाणी घातल्याने ते प्रमाण फार हलत नाही. कळेल ते कंडक्टिव्हिटी मीटरने. आणि स्पिरुलिनाला. पाणी पातळ झालं तशी दुसरी शेवाळं आत शिरली, स्पिरुलिना मागे पडली, फ्लेमिंगो मोठ्या संख्येने बोगोरियाकडे आणि इतरत्र गेले. पाणी वाढलं आणि तळं 'उपाशी' पडलं, हे वाक्य मी सेमिनारच्या वेळी लिहूच शकले नसते.

माणसांचं तर विचारूच नका. नैवाशाच्या काठच्या किहोटो वस्तीत 2020 मध्ये घरात पाणी आलं. नकुरू नॅशनल पार्कचं गेट बुडालं. बारिंगोच्या काठी शाळा, दवाखाने, हॉटेलं पाण्याखाली गेली. 2021 च्या केनिया सरकारच्या अहवालात बाधित कुटुंबांचा आकडा 75 हजारांच्या वर आहे. बारिंगोत एका टेकाडाचं बेट होऊन त्यावर जिराफ अडकले, डिसेंबर 2020 पासून पुढच्या काही महिन्यांत त्यांना खास बनवलेल्या तराफ्यावरून एकेक करून काठाला आणलं. त्याचे फोटो बघून सगळे "सो क्यूट" म्हणतात. मीही म्हटलं होतं.

सगळ्यात मोठी भीती आहे बोगोरिया आणि बारिंगोची. ही दोन तळी शेजारी, मध्ये सखल मैदान. बोगोरियाचं पाणी गरम झऱ्यांचं, खारं, अल्कली. बारिंगो गोडं, त्यात तिलापिया मासा, त्यावर कोळी जगतात, गुरं त्याचंच पाणी पितात. दोन्हीकडून पाणी मैदानात सरकत आलं आणि मधलं अंतर कमी होत गेलं. ही तळी एकत्र आली तर? मी हिशोब मांडून पाहिला, अगदी साधा. एका टाकीत 1 ग्रॅमचं पाणी 4 भाग, दुसऱ्या टाकीतलं 40 ग्रॅमचं पाणी फक्त 1 भाग. एकत्र केलं की (4 + 40) भागिले 5, म्हणजे जवळजवळ 9 ग्रॅम. (आकडे माझे, समजण्यापुरते.) गोडं पाणी चौपट जास्त असूनही हरतं! आणि बोगोरियाच्या बाजूने बघा, त्याचं पाणी एकदा बारिंगोत गेलं की बारिंगोच्या गळतीतून त्याचे क्षार कायमचे निघून जाणार. म्हणजे मासेही जाणार आणि बोगोरियाचं स्पिरुलिनाचं शेतही. नकुरू पातळ झाल्यावर फ्लेमिंगोंनी आसरा घेतला तो याच बोगोरियात, हे विसरू नका.

तळी अशी बदलणं नवीन नाही. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी, आफ्रिकेत पाऊस जास्त होता तेव्हा, नकुरू आणि शेजारचं एल्मेंतेइता मिळून एकच मोठं गोडं सरोवर होतं. उत्तरेचं तुर्काना तर भरून वाहायचं आणि नाइलला मिळायचं, म्हणून आजही त्यात नाइल पर्च मासा आहे. आज त्याला वाट नाही, पाणी मचूळ होत चाललंय, आणि त्याला येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 90 टक्के एकट्या ओमो नदीचं, जिच्यावर इथिओपियाने गिबे-3 धरण बांधून 2016 मध्ये सुरू केलं. फक्त त्या काळी काठावर शाळा आणि दवाखाने नव्हते.

आपल्याकडे खचदरीतलं नाही, पण याच रसायनाचं एक तळं आहे, लोणार. ते उल्केने बेसॉल्टमध्ये पाडलेल्या खड्ड्यातलं. बाहेर जायला ओढा नाही, पीएच 10 च्या आसपास, आणि त्यातही स्पिरुलिना. जून 2020 मध्ये ते अचानक गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की हे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला होता. मी शाळेच्या ट्रिपला लोणारला गेले होते आणि मला फक्त माकडं आठवतात.

शेवटी एक प्रयोग. परवा लॅब असिस्टंट काकांच्या मेहेरबानीने मी हॉस्टेलच्या बोअरचं पाणी टायट्रेट केलं. अल्कलिनिटी आली 240, आणि फक्त कॅल्शियमची हार्डनेस 310. दोन्ही 'कॅल्शियम कार्बोनेट म्हणून' मोजतात, त्यामुळे सरळ तुलना करता येते (जर्नलमध्ये हे असं का लिहितात ते मला पहिल्यांदाच कळलं). कॅल्शियम जास्त. रूममेटला जाऊन सांगितलं की आपलं पाणी रेषेच्या पलीकडच्या बाजूचं आहे, हे आटत आटत गेलं तर मृत समुद्राच्या वाटेने जाईल, मगादीच्या नाही.

"म्हणजे?" ती रॉडवर दुसरं लिंबू चोळत म्हणाली.

"म्हणजे हॉस्टेलच्या मागे तळं झालं, तरी फ्लेमिंगो येणार नाहीत."